डोळ्यांचा डॉक्टर कोणाच्या घरचा आणि कोणाच्या गांवचा?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज आम्हांला बोलण्यास विषय दिला आहे तो डोळ्यांच्या डॉक्टरांचा. कित्येकांना वाटेल कीं मालाचा भाव, कर्ज, पाणी हे विषय सोडून हें काय नवें काढलें? परंतु कोष्ट्याला धागा दिसेनासा झाला, शिंप्याला सुईचें नाक सांपडेनासें झालें, सुताराला रंध्याची धार दिसेनाशी झाली, म्हणजे त्या घरचा धंदा त्या दिवशीं बसला. शेतकऱ्याचें तेंच. मोतिबिंदू झालेला माणूस मरत नाहीं, म्हणून त्याची कोणी बातमी करीत नाहीं. तो ओसरीवर बसून राहतो, आणि त्याला हाताला धरून परसाकडे नेण्यासाठीं एका नातीची शाळा सुटते. एका माणसाची दृष्टि गेली कीं घरांतलीं दोन माणसें बसतात. हा हिशेब कोणत्याहि सरकारी वहींत नाहीं, पण तो तुमच्या घराघरांत मांडलेला आहे.

सरकारनें २०१५ ते २०१९ या वर्षांत देशभर डोळ्यांची पाहणी केली. पन्नाशी गांठलेल्या वा ओलांडलेल्या शंभर माणसांत सुमारें दोन माणसें आंधळीं सांपडलीं, आणि त्या आंधळ्यांपैकीं शेंकडा ६६ जणांचें अंधत्व निव्वळ मोतिबिंदूचें होतें. पूर्वींपेक्षां स्थिति सुधारली आहे हें खरें, आणि ज्यांनीं ती सुधारली त्यांचें श्रेय आम्ही बुडवूं इच्छीत नाहीं. पण नीट विचार करा. मोतिबिंदू म्हणजे कांहीं असाध्य रोग नव्हे. अर्ध्या तासाच्या आंत संपणारी शस्त्रक्रिया आहे आणि भिंग आपल्याच देशांत तयार होतें. मग शंभरांतले ६६ आंधळे आंधळेच कां राहिले? आमचें मत असें आहे कीं डॉक्टर एका गांवीं आणि म्हातारी दुसऱ्या गांवीं, हें त्याचें मोठें कारण आहे. म्हणून डोळ्यांचा नवा डॉक्टर तयार होऊन बाहेर पडला कीं आम्ही दोनच गोष्टी विचारतों: हा कोणाच्या घरून आला, आणि शिकून कोठें गेला?

आधीं तो तयार कसा होतो तें ऐका, कारण तुमच्यांतल्या पुष्कळांच्या घरीं बारावीचें पोर आहे. बारावीनंतर ‘नीट’ नांवाची परीक्षा. तींतून जागा मिळाली तर साडेचार वर्षें शिक्षण आणि एक वर्ष इस्पितळांत उमेदवारी, तेव्हां एम. बी. बी. एस. पुरें होतें. त्यानंतर पुन्हां एक ‘नीट’. तींत चांगला क्रमांक आला तर तीन वर्षें एम. एस. किंवा डी. एन. बी. पूर्वीं मेडिकल कॉलेजांत दोन वर्षांची पदविकाही असे. अलीकडे त्यांतल्या बऱ्याच जागा पदवीकडे वळविल्या आहेत. एवढें झाल्यावर डोळ्याच्या पडद्याचें, काचबिंदूचें किंवा लहान मुलांच्या डोळ्यांचें खास काम शिकावयाचें असेल तर आणखी वर्ष दोन वर्षें फेलोशिप. अठराव्या वर्षीं निघालेलें पोर स्वतःच्या पायावर उभें राहतें तेव्हां तिशीला टेकलेलें असतें. ज्या घरांत पोराच्या वीस वर्षांच्या वयापासून त्याच्या मजुरीची वाट पाहिली जाते, त्या घराला हीं दहा बारा वर्षें म्हणजे दहा बारा दुष्काळ आहेत.

आतां या विद्येचा गाभा सांगतों. पुस्तक वाचून डोळा कापतां येत नाहीं. शिकाऊ डॉक्टर प्रथम बकऱ्याच्या डोळ्यावर हात बसवितो. खाटकाकडून आणलेला डोळा साच्यांत बसवून त्यावर टांके घालण्यास शिकतो. कांहीं ठिकाणीं आतां यंत्रावर खोटा डोळाही दाखवितात. पण तेथून पुढें जिवंत माणसाचाच डोळा लागतो. सूक्ष्मदर्शकाखालीं बुबुळाच्या कडेला बारीक छेद घ्यावयाचा, आंतल्या भिंगावरची पातळ झिल्ली वाटोळी सोलावयाची, गढूळ होऊन कडक झालेला मणी बाहेर काढावयाचा, आणि राहिलेल्या पिशवींत कृत्रिम भिंग बसवावयाचें. त्या पिशवीची मागची बाजू कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ असते. ती फाटली कीं काम बिघडलें. सोनार, कोष्टी, घड्याळजी यांना हें आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. हात बसण्यास हातानेंच करावें लागतें, आणि पाठीशीं उस्ताद उभा लागतो. चांगल्या ठिकाणीं उस्ताद एक पायरी शिकवितो, तेवढीच करूं देतो, ती साधली म्हणजे दुसरी. वाईट ठिकाणीं विद्यार्थी तीन वर्षें चष्म्याचे नंबर काढतो, कागद भरतो आणि लांबून पाहतो. पदवी दोघांची सारखीच. ज्याच्या हातीं कांहीं आलें नाहीं तो पदवीनंतर हात शिकण्यासाठीं दुसऱ्याच्या दाराशीं थोड्या पगारावर उभा राहतो. हें आम्ही निंदेसाठीं सांगत नाहीं. नेत्रवैद्यांच्या स्वतःच्या नियतकालिकांत त्यांचींच माणसें याबद्दल वर्षानुवर्षें तक्रार लिहीत आलीं आहेत.

पण खरा प्रश्न पुढें आहे. हे शिकाऊ हात कोणाच्या डोळ्यावर बसतात? पैसेवाला मनुष्य खासगी दवाखान्यांत जातो आणि सर्वांत मोठा डॉक्टर मागतो. सरकारी इस्पितळाच्या सामान्य वॉर्डांत हिरवा सदरा घालून ओळीनें कोण बसलेलें असतें? तुमची आई, आमचे वडील, विटभट्टीवरची मावशी, धनगरवाड्यावरचा म्हातारा. या देशांत सरकारी इस्पितळांत तयार झालेला प्रत्येक नेत्रवैद्य आमच्या लोकांच्या डोळ्यांवर शिकलेला आहे. कॉलेजची इमारत कराच्या पैशानें झाली असें पुष्कळ लोक सांगतात. तें खरें आहे, पण तें देणें लहान आहे. पैसा पुन्हां उभा करतां येतो. डोळा हातीं देणें ही निराळी गोष्ट आहे, आणि तिची पावती कोणी फाडीत नाहीं.

याचा अर्थ शिकाऊ डॉक्टर पाहून पळून या, असा कोणी घेऊं नये. तो आज शिकला नाहीं तर उद्यांचा उस्ताद कोठून येणार? मात्र ‘शस्त्रक्रिया कोण करणार आहे, आणि जवळ मोठे डॉक्टर उभे राहणार आहेत कां?’ एवढें विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. विचारतांना लाजूं नका. शिंप्याकडे कापड टाकतांना आपण चार प्रश्न विचारतों.

आतां आंत शिरण्याच्या दरवाजाबद्दल. छत्रपति शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ रोजीं कोल्हापूर संस्थानांतल्या मोकळ्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या लोकांसाठीं राखल्या. राज्याराज्यांच्या कोट्यांत तसें राखीव धोरण पुढें आलेंच. पण सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या ज्या जागा राज्यें अखिल भारतीय कोट्यासाठीं सोडतात, त्यांत इतर मागासवर्गीयांना शेंकडा २७ जागा देण्याचा निर्णय झाला तो २९ जुलै २०२१ रोजीं. महाराजांच्या हुकुमानंतर ११९ वर्षांनीं! त्यावर कज्जा झाला, आणि जानेवारी २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम ठेवला. परीक्षेच्या गुणांत घरच्या सुस्थितीचा आणि मिळालेल्या संधीचा वांटा दिसत नाहीं, या अर्थाचें न्यायालयानें त्या निकालांत म्हटलें. आमच्या म्हाताऱ्या हें केव्हांच्या सांगत आहेत; फक्त त्यांचें बोलणें कोणी छापीत नव्हतें.

पण राखीव जागेनें पहिला दरवाजा उघडतो, दुसरा उघडत नाहीं. दुसरा दरवाजा यंत्रांचा आहे. ताप, खोकला पाहणाऱ्या डॉक्टरला नळी आणि टेबल पुरतें. नेत्रवैद्याला डोळा तपासण्याचें यंत्र, शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक, मोतिबिंदू फोडून ओढून घेणारें यंत्र, पडद्याचे फोटो काढणारें यंत्र, असा लाखों रुपयांचा संसार मांडावा लागतो. ज्याच्या बापाचा डोळ्यांचा दवाखाना अगोदरच आहे, तो पदवी घेऊन येतो आणि खुर्चीवर बसतो. पेशंट, यंत्रें, पाटी सर्व तयार. ज्याच्या बापाची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, तो कर्ज काढतो, नाहींतर शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांच्या साखळींत पगारावर राहतो. एकदां कर्ज झालें कीं तो तालुक्याला येऊं म्हणाला तरी बँक येऊं देत नाहीं. खेड्यांतला मुलगा डॉक्टर झाला आणि खेडें विसरला, अशी आपण त्याला नांवें ठेवतों. कांहीं विसरतातही. पण पुष्कळांना विसरण्याचें स्वातंत्र्यही राहिलेलें नसतें, हें आपल्या लोकांनीं समजून घ्यावें. अमेरिकेला जाण्याचें स्वप्न पाहणाऱ्यांचीही गोष्ट ऐकून ठेवा: इकडे एम. एस. झालेल्याला तिकडे डोळ्यांचा पूर्ण डॉक्टर होण्यासाठीं बहुधा शिकाऊ डॉक्टर म्हणून पुन्हां आरंभापासून बसावें लागतें.

डॉक्टर कोणाच्या घरचा यानें खरोखर कांहीं फरक पडतो कां? कोणी म्हणेल, डोळा तो डोळा, त्याला जात कसली? यावर अमेरिकेंतलें एक उदाहरण देतों. जोतीरावांनीं १८७३ सालीं आपली ‘गुलामगिरी’ तिकडच्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या लोकांना अर्पण केली, तेव्हां तो मुलूख आम्हांला परका नाहीं. न्यूयॉर्क शहरांत हार्लेम म्हणून काळ्या लोकांची मोठी वस्ती आहे. तेथें १९४२ सालीं पॅट्रिशिया बाथ ही मुलगी जन्मली. बाप भुयारी रेल्वेवर गाडी चालविणारा, आई लोकांच्या घरीं काम करणारी. आईनें त्या कामाचे पैसे मुलीच्या शिक्षणासाठीं सांठविले. मुलगी डॉक्टर झाली आणि डोळ्यांची विद्या शिकूं लागली. एक पाय हार्लेमच्या इस्पितळांत, दुसरा कोलंबिया विद्यापीठाच्या नेत्रविभागांत. हेंच तें कोलंबिया, जेथें १९१३ सालीं डॉ. आंबेडकर शिकण्यास गेले. दोन्हीं ठिकाणें एकाच शहरांत. पण हार्लेमच्या दवाखान्यांत आंधळ्यांची रीघ, आणि विद्यापीठाच्या दवाखान्यांत तुरळक. मोठमोठे प्राध्यापक त्याच शहरांत राहत होते. त्यांच्या डोळ्यांना हें दिसलें नव्हतें. तिनें आंकडे गोळा केले आणि काळ्या लोकांत अंधत्वाचें प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट असल्याचें दाखविलें. नुसता लेख लिहून ती थांबली नाहीं. आपल्या प्राध्यापकांच्या मागें लागून तिनें त्यांना हार्लेममध्यें फुकट शस्त्रक्रिया करावयास लावलें. पुढें लेसरनें मोतिबिंदू काढण्याच्या यंत्राचें पेटंट तिनें १९८८ सालीं मिळविलें. डोळा तो डोळा हें खरें. पण आंधळा कोठें बसला आहे हें ज्याला लहानपणापासून ठाऊक असतें, तोच तिकडे आधीं पाहतो.

आपल्याकडचें मोठें उदाहरण तामीळ मुलखांतलें आहे. वडमलपुरम् या खेड्यांत १९१८ सालीं शेतकऱ्याच्या घरीं गोविंदप्पा वेंकटस्वामी जन्मले. शाळेंत पाटी पेन्सिल नव्हती. नदीकांठची वाळू पसरून तीवर मुलें अक्षरें गिरवीत. नात्यांतल्या तीन तरुण बायका बाळंतपणांत गेल्या, म्हणून या मुलानें बाळंतपणाचा डॉक्टर होण्याचें ठरविलें. १९४४ सालीं मद्रासला पदवी घेतली, लष्करांत नोकरी धरली. तोंच संधिवातानें गांठलें. अंथरुणाला खिळले, बोटें वांकडी झालीं तीं कायमचीं. बाळंतपणाचें काम सुटलें. दुसरा कोणी असता तर कागदी नोकरी पाहून बसला असता. यांनीं डोळ्यांचें शिक्षण घेतलें, आणि त्याच वांकड्या बोटांना चाकू धरावयास शिकविलें. आयुष्यभरांत त्यांच्या हातून लाखावर शस्त्रक्रिया झाल्या. सरकारी नोकरींतून अठ्ठावन्नाव्या वर्षीं, १९७६ सालीं निवृत्त झाले, तेव्हां मदुराईस ११ खाटांचें इस्पितळ काढलें. त्याचें नांव अरविंद. बहीण, मेहुणे, भाऊ सारे त्यांत पडले. ज्याला देतां येईल त्यानें पैसे द्यावे, ज्याला नाहीं त्याच्याही डोळ्यांत तोच डॉक्टर हात घालील, असा नेम ठेवला. परदेशी भिंग शंभर डॉलरच्या आसपास पडे, म्हणून १९९२ सालीं भिंगें करण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि तीं दहा डॉलरच्या आंत आणलीं. आज देशोदेशींचे डॉक्टर तेथें हात शिकण्यास येतात.

पण आमच्या मतें त्या इस्पितळांतली सर्वांत मोठी गोष्ट डॉक्टर नव्हेत. ती म्हणजे तेथल्या पोरी. आसपासच्या खेड्यांतल्या, शेतकऱ्यांच्या, बारावी झालेल्या मुली घेतात आणि दोन वर्षें पगारी उमेदवारी देऊन शिकवितात. नजर तपासणें, डोळ्याचा दाब मोजणें, भिंगाचा नंबर काढणें, शस्त्रक्रियेची तयारी करणें हीं सर्व कामें त्या करतात. डॉक्टरनें फक्त तेंच करावयाचें जें डॉक्टरवांचून होत नाहीं. दोन टेबलें शेजारीं शेजारीं; एकावर काम संपतें तोंच दुसऱ्यावर रोगी तयार. म्हणून तेथें एकेका शल्यवैद्याच्या हातून वर्षाला सुमारें २००० शस्त्रक्रिया होतात. मागासाला एकटा सुतार लांकूड वाहील, तासील, रंगवील, गिऱ्हाइकाशीं घासाघीस करील, तर महिन्याला किती खुर्च्या होतील? तोच हिशेब येथें आहे. इस्पितळांत काम करणाऱ्यांत या मुलींचीच संख्या सर्वांत मोठी आहे.

आपल्या मुलखांत डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यांतल्या माकेगांवच्या गरीब शेतकरी घरांतून आले. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॉलेजांत शिकले, अंबाजोगाईला काम केलें, मग मुंबईच्या जे. जे. इस्पितळांत आले. त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं तेव्हां आईनें आपलें एक दिलें, आणि त्यानंतर त्यांनीं आनंदवनांत जाऊन कुष्ठरोग्यांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रिया केल्या. नेपाळचे डॉ. संदुक रुइत तर तिबेटच्या हद्दीवरच्या अशा डोंगरी गांवचे, कीं शाळेसाठीं बापाबरोबर कित्येक दिवस पायीं चालून दार्जिलिंगला जावें लागलें. लखनौ आणि दिल्लीस ते शिकले आणि परत आपल्या डोंगरांत गेले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर आम्ही जन्मालाच सर्व कांहीं समजतों असा आरोप येईल, आणि तो आरोप आम्ही तर दुसऱ्यांवर करीत आलों आहों! हैदराबादचे डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव हे डोळ्यांच्या डॉक्टरांचेच चिरंजीव. अमेरिकेंत चांगलें बस्तान बसलेलें असतां ते परत आले, आणि चित्रपटवाले एल. व्ही. प्रसाद यांच्या देणगीवर १९८७ सालीं नेत्रसंस्था उभी केली. खेड्यांत लहान दृष्टिकेंद्रें काढून तेथें त्याच भागांतलीं तरुण मुलेंमुली शिकवून बसविलीं. घर सुखवस्तु होतें म्हणून त्यांचा रस्ता खेड्याकडे वळला नाहीं असें झालें नाहीं. पण असा दाखला सांपडला कीं लोक तोच नियम समजतात. नियम तो नव्हे.

तेव्हां तुम्हांला कामाचें काय सांगावें? ज्यांच्या पोराला मेडिकलचा नाद आहे, त्यांनीं त्याला पहिल्याच वर्षीं सांगून ठेवावें कीं कॉलेज निवडतांना इमारत पाहूं नको, तेथें शिकणाऱ्याला स्वतःच्या हातानें किती शस्त्रक्रिया करावयास मिळतात तें वरच्या वर्गांतल्या मुलांना विचार. ज्यांच्या पोरीला एवढी लांब वाट परवडत नाहीं, त्यांनीं डॉक्टरकी नाहीं तर कांहींच नाहीं असें म्हणून तिचें लग्न उरकूं नये. नजर तपासण्याची विद्या, म्हणजे ऑप्टोमेट्री, चार वर्षांची पदवी आहे. नेत्रसहायकाचें शिक्षण त्याहून लहान. तालुक्याच्या गांवीं अशी मुलगी बसली तर म्हाताऱ्याला मोतिबिंदू कीं काचबिंदू, एवढें तरी वेळेवर कळेल. काचबिंदूनें गेलेली नजर परत येत नाहीं, म्हणून हें कळणें फार मोलाचें आहे.

आणि एक काम आजच्या आज करण्यासारखें आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालचा आहे. अर्जाला दहा रुपये पडतात. आपल्या उपजिल्हा रुग्णालयाला आणि जिल्हा रुग्णालयाला लिहून विचारा: नेत्रशल्यचिकित्सकाच्या जागा किती मंजूर, किती भरलेल्या, आणि रिकामी जागा कोणत्या तारखेपासून रिकामी आहे? नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याची जागा भरलेली आहे कां? शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक चालू आहे कीं बंद, आणि बंद असेल तर कोणत्या महिन्यापासून? गेल्या वर्षांत तेथें मोतिबिंदूच्या किती शस्त्रक्रिया झाल्या? हे चार प्रश्न आम्हीं कागदावर लिहून आणले आहेत. सभा संपल्यावर ज्यांना हवे त्यांनीं उतरून घ्यावे; ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांना शाळेंतलीं मुलें येथेंच लिहून देतील.